उजवी टाच, सकाळचं पहिलं पाऊल आणि जानेवारीची हाफ मॅरेथॉन

भाट्ये२१
नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ७४ किलो, मुक्काम रत्नागिरी. दिवाळीपर्यंत आठवड्याला १८ किमी धावत होतो. जानेवारीच्या हाफसाठी तीन आठवड्यांत ते ३४ वर नेलं. आता उजव्या टाचेच्या तळाला, आतल्या बाजूला दुखतंय. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच टेकवत नाही. धावताना दीड-दोन किमीनंतर दुखणं विरतं आणि संध्याकाळी खुर्चीतून उठलं की परत कळ येते. एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' असं निघालं, सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आहे. बुटांचे ८५० किमी झालेत. रस्ता रोजचा एकच: पूल ओलांडून डांबरी रस्त्याने झरी विनायकाच्या देवळापर्यंत, आणि परत येताना पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरून. धावणं खरंच पूर्ण बंद करावं का? आणि ते हाड?

जांभापायरी
हाडाची धास्ती आधी मनातून काढा. असं वाढलेलं हाड टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत दिसतं, आणि टाच ठणकणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत दिसत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं प्लँटर फॅशियाची, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत ताणलेल्या जाड पट्ट्याची आहेत. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि पहिल्या पावलाला त्यावर एकदम अख्खं वजन येतं. १८ वरून ३४ ही उडी त्याला झेपलेली नाही.

तरी दोन गोष्टी आजच तपासा. टाच दोन्ही तळहातांमध्ये धरून बाजूंनी जोरात दाबा. त्याने कळ आली तर संशय हाडाच्या बारीक तड्याचा घ्यायचा. अशी तड सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि तोवर धावायचं नाही. दुसरं म्हणजे तळव्याला जळजळ किंवा मुंग्या आहेत का ते बघा. असतील तर घोट्याच्या आत नस दबल्याची शक्यता असते, त्याचे उपचार वेगळे.

दोन्हीला उत्तर 'नाही' असेल तर व्यायामाला लागा. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी, अंथरुणातच, उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या. पाचही बोटं हाताने नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा. सतारीच्या तारेसारखा ताठ पट्टा हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर ओढ कमी पडतेय. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून तीनदा.

मुख्य काम मात्र ताकदीचं, आणि ते एक दिवसाआड. टॉवेलची घट्ट गुंडाळी पायरीच्या कडेवर ठेवा. बोटं गुंडाळीवर वर वळलेली, चवडा पायरीवर, टाच बाहेर लोंबती, हात भिंतीला. एका पायावर ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत टाच पायरीच्या खाली. १२ वेळा, असे ३ फेरे. बारावी खेप जेमतेम पुरी झाली पाहिजे. आरामात होत असेल तर पाठीवर सॅक घेऊन तीत तांदूळ भरा. दोन आठवड्यांनी वजन वाढवून १० चे ४ फेरे, पुढे ८ चे ५. एका पायावर जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांवर, पण मग दुखरा पाय गुपचूप अंग काढून घेतो, तिकडे लक्ष हवं. गुंडाळी वगळली तर नुसती पोटरी राबते, पट्ट्याला काम मिळत नाही. घाईने उड्या मारल्यासारखं केलं तर वाढलेलं दुखणं पदरात पडेल. अंगणातली चिऱ्याची पायरी शेवाळलेली असेल तर घरातली घ्या.

पूर्ण विश्रांतीने कळ थांबते, पण पट्टा होता तितकाच कच्चा राहतो. धावणं परत सुरू झालं की टाचही परत सुरू होते.

सुकती_भरती
तुमच्या रस्त्यातच एक गोम आहे. झरी विनायकाकडून पुळणीने परत येता म्हणजे तोंड उत्तरेला, समुद्र डाव्या हाताला. उतार समुद्राकडे, म्हणजे उजवा पाय कायम वरच्या बाजूला पडतो. उतारावर वरचा पाय आत कलतो, कमान दबते, आणि टाचेच्या आतल्या अंगाला ओढ बसते. दुखतोय तोच पाय.

पुळणीवर धावायचंच तर तितकंच अंतर जाऊन-येऊन, आणि भरपूर सुकतीला (ओहोटीला), पाण्याजवळच्या सपाट, दबलेल्या ओल्या वाळूवर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे पाच-सहाच्या सुमाराला पाणी खूप मागे गेलेलं असतं, तेव्हाच असा रुंद पट्टा मिळतो. मग ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकत अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमीत कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत, सकाळी भरतीच येते आणि हाती उरते ती वरची भुसभुशीत, कललेली वाळू. तिथे टाच रुतते आणि पोटरीला जास्त मेहनत पडते. सध्या ती टाळा.

सुरूची_सावली
वाळूत अनवाणी धावावं की! पाय घट्ट होतात. रात्री टाचेला बर्फ.

जांभापायरी
धडधाकट पायांसाठी थोडंथोडं अनवाणी ठीक आहे. दुखऱ्या पट्ट्याला आत्ता तो ताण नको. बर्फाने कळ तासभर बधिर होते, बरं वाटत असेल तर गोठवलेली बाटली तळव्याखाली १० मिनिटं फिरवा. त्याने पट्टा बरा होत नाही एवढं मात्र ध्यानात असू द्या.

दोन_गाठी
८५० किमी म्हणजे बूट निवृत्त करा, बहुतेक बुटांचा फोम ५०० ते ८०० किमीमध्ये दबून जातो. टेबलावर ठेवून मागून बघा: टाच एका बाजूला कलली असेल, मधल्या फोमवर आडव्या सुरकुत्या असतील, तर संपला. नवा घेताना संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तूर्त टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिमी उंच असलेला बूट बरा. नाडीचं सर्वांत वरचं जादा भोक वापरून दोन्हीकडे छोटा फास करा, नाडी एकमेकींच्या फासातून ओवून ओढा; टाच मागे घट्ट बसते.

आणि घरात? थंड टणक फरशीवर दिवसभर अनवाणी वावर, हे आपल्याकडचं मोठं कारण आहे. जाड, कमान असलेली स्लिपर पलंगाजवळ ठेवा आणि पहिलं पाऊल तीतच पडू द्या. झिजलेली चपटी रबरी चप्पल नको. खारं पाणी लागलेला बूट गोड्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. कडक उन्हात डिंक सुटतो.

भाट्ये२१
मनापासून आभार. बाजूंनी दाबलं, काही नाही. मुंग्याही नाहीत. पायरीवर मात्र दुखतं, साधारण १० पैकी ३. चालेल? इंजेक्शनचंही सुचवलं आहे.

जांभापायरी
४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशीची पहिली पावलं कालच्यापेक्षा वाईट नकोत. वाईट झाली तर एक फेरा कमी. धावण्यालाही हाच नियम: आठवड्याला १६ किमी, एक दिवसाआड, सपाट रस्ता. रत्नदुर्गाची चढण, आरे-वारेचे चढ आणि वेगाचा सराव बंद, कारण चढावर टाच उचलताना पट्टा सर्वांत जास्त ताणला जातो. सलग दोन आठवडे सकाळचं दुखणं २ च्या आत राहिलं की आठवड्याला २ किमी वाढवा.

इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइडचं; त्याने महिना-दोन महिने आराम पडतो. पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, आणि दुखणं दबलेलं असताना धावलात तर तो धोका आणखी वाढतो. किमान तीन महिने व्यायाम नेटाने करून मगच विचार करा. धावताना टाचेत 'टप्प' होऊन तळवा काळानिळा पडला, रात्री झोपेत ठणका लागला, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही अर्धा तास आखडली, तर लगेच डॉक्टर. मधुमेह असेल तर तळव्याची संवेदना आधी तपासून घ्या.

जानेवारीचं स्पष्ट सांगतो: डिसेंबरच्या मध्यापर्यंत १२ किमी धावून दुसरी सकाळ बिघडली नाही तर हाफला उभे राहा, दर २ किमीला मिनिटभर चालत. नाही जमलं तर १० किमीत नाव बदलून घ्या.