मदत हवी आहे: 'ग्रामीण भागातील' नक्की कोण? (शासन निर्णयांचं पार्सिंग)

रानवारा
नमस्कार मंडळी. शासन निर्णयांतून 'योजना कोणाला लागू' एवढाच भाग प्रोग्रामने आपोआप वेगळा काढायचं काम हातात आहे. क्रियापदाचा त्रास नाही, वाक्य कितीही लांबलं तरी शेवटी हमखास 'मान्यता देण्यात येत आहे' येतंच. अडतं ते त्याआधीच्या नामांच्या आगगाडीपाशी. नमुना देतो (मीच रचलेला, पण धाटणी अस्सल):

'ग्रामीण भागातील अनुदानित शाळांच्या शिक्षकांच्या मुलांना शुल्कमाफी देण्यास मान्यता देण्यात येत आहे.'

ग्रामीण भागातील कोण? शाळा, शिक्षक की मुलं? शाळा खेड्यात, गुरुजी तालुक्याच्या गावी राहायला आणि मुलगी पुण्यात शिकायला, असं घर सगळ्यांच्या ओळखीत असेल. तिला माफी मिळणार का, हे 'भागातील' कुठे जोडता त्यावर ठरतं.

स्टान्झा या पार्सरचं (वाक्यातला कुठला शब्द कशाला जोडलाय ते काढणाऱ्या प्रोग्रामचं) मराठी मॉडेल लावून पाहिलं. ते 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' प्रकल्पाच्या मराठी ट्रीबँकवर, म्हणजे वाक्यांच्या रचनेची झाडं काढून ठेवलेल्या संग्रहावर, शिकलेलं आहे. त्यात सगळी मिळून 466 वाक्यं, तीही बहुतेक गोष्टींमधली. हिंदीच्या ट्रीबँकेत 16 हजारांवर आहेत. 'एक राजा होता' वर वाढलेल्या पार्सरपुढे मंत्रालयाची भाषा ठेवल्यावर काय होणार! चॅटबॉट एक अर्थ ठामपणे सांगतो. प्रश्न जरा फिरवून विचारला की दुसरा सांगतो, तितक्याच ठामपणे.

अर्थ निवडायचा कसा? आणि निवडूच नये अशी जागा प्रोग्रामला ओळखता येईल का?

खारीचा वाटा
महाबर्टसारखं मराठीवर तयार झालेलं मॉडेल घेऊन त्यावर पार्सर शिकवून बघा. पुण्याच्या एल३क्यूब या गटाचं आहे, मोफत मिळतं.

रानवारा
धन्यवाद. पण शिकवायला झाडं लागतात, आणि ती पुन्हा त्याच 466 वाक्यांची.

तिरकस रेघ
आधी अडचणीचा आकार बघा. 'ग्रामीण' पासून 'मुलांना' पर्यंत सहा शब्द आहेत. प्रत्येक शब्द पुढच्या कुठल्या तरी शब्दाला जोडायचा आणि रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, एवढीच अट ठेवली तर 42 रचना होतात. सातवा शब्द आला की 132. गणितात ह्यांना कॅटलान संख्या म्हणतात. इंग्रजी वाक्यांत त्या कशा डोकावतात हे चर्च आणि पाटील या संशोधकांनी 1982 मध्येच दाखवलं होतं. सगळ्या रचना एकेक करून लिहायची गरज नसते, सीवायके या पार्सिंगच्या पद्धतीतला तक्ता त्या एकत्र धरून ठेवतो. तुमच्या वाक्यात समंजस अर्थ तीनच उरतात, पण त्या तिनांत निवड करायला व्याकरण मदत करत नाही. का करत नाही ते मात्र पाहण्यासारखं आहे.

वाक्य एकवचनी करा, 'मुलांना'चा प्रत्यय काढा आणि 'भागातील'च्या जागी बोलीतलं रूप घ्या. 'ग्रामीण भागातली अनुदानित शाळेच्या शिक्षकाची मुलगी' म्हटलं की 'भागातली' हे रूप मुलीशीच जुळतं ('शाळेच्या'ला प्रत्यय आहे, तिच्यासाठी 'भागातल्या' लागलं असतं), वाद मिटला. 'ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळेच्या शिक्षकाची मुलगी' म्हटलं की मुलगी बाद, शाळा किंवा शिक्षक उरले. म्हणजे मराठी ही माहिती देते. पण शेवटच्या नामाला 'ला' लागला की सगळंच 'भागातल्या' होतं आणि खूण पुसली जाते. सरकारी भाषेने तर 'तील' घेऊन ती आधीच पुसलेली असते, कारण 'तील' कोणासाठीच बदलत नाही.

ह्याचाच फायदा उठवा. हिंडल आणि रूथ या संशोधकांनी 1993 मध्ये इंग्रजीतले 'विथ', 'ऑन' वगैरे शब्द कशाला जोडायचे यासाठी असंच केलं होतं: असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्यांतून जिथे जोडणी निःसंदिग्ध आहे अशा जागा मोजायच्या आणि त्या आकड्यांवरून संदिग्ध जागा सोडवायच्या. तुम्ही मराठी मजकुरातून 'तला/तली/तलं' असलेले पदसमूह गोळा करा. जिथे लिंग-वचनाने जोडणी पक्की होते तेवढेच ठेवा. झाडं हाताने न काढता फुकटचा विदा (डेटा) मिळेल. त्यावरून 'ग्रामीण भाग' हा शाळा, शिक्षक, मुलं यांपैकी कोणाला किती वेळा चिकटतो ते काढा. दोन पर्यायांच्या आकड्यांत फारसा फरक नसेल, तर ती जागा माणसाकडे पाठवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

रानवारा
हे भारी आहे! एक शंका: बातम्यांतही 'तील'च फार. 'तला' शोधायला कथा आणि गप्पांकडे जावं लागेल, आणि तिथे अनुदानित शाळा कुठून यायच्या?

तिरकस रेघ
खरंय. म्हणून नेमके शब्द न मोजता गट मोजा: ठिकाण + संस्था, ठिकाण + व्यक्ती. गट करायला मराठी वर्डनेट (शब्द अर्थानुसार जोडलेला कोश) चालेल.

माजी कारकून
संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण टिपण्या तयार करण्यात नोकरी गेली. अशा वाक्यावरून खालून विचारणा आली की वरून शुद्धिपत्रक किंवा पूरकपत्र निघतं. 'ग्रामीण भागातील शाळा असे वाचावे' असं स्पष्ट लिहून येतं. ती पत्रं गोळा करा. माणसं नेमकी कुठे अडखळली आणि खरा अर्थ कोणता ठरला, दोन्ही आयतं मिळेल. आणि मुख्य परिच्छेदावर सगळी भिस्त ठेवू नका. प्रस्तावनेत तीच गोष्ट बऱ्याचदा सुटसुटीत लिहिलेली असते, पात्रतेच्या अटी परिशिष्टात असतात.

रानवारा
काका, तुम्ही तर तपासणीचा संचच हातात दिलात! शुद्धिपत्रकाच्या 'संदर्भ' मधल्या क्रमांक-दिनांकावरून मूळ निर्णय शोधता येईल. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफचं मात्र कठीण आहे.

आता राहिला 'व'. 'अनुदानित शाळा व वसतिगृहांतील कर्मचारी' यात प्रत्यय फक्त शेवटच्या नामाला असल्यामुळे पार्सर 'शाळा' कर्ता समजून मोकळा होतो. शिवाय 'अनुदानित' दोघांना लागू की एकालाच, हे वेगळंच. पार्सिंगच्या आधीच 'शाळांतील व वसतिगृहांतील' असं फोडून घ्यावं का? कोणी केलंय?