आर्टिस्ट व्हिलेजमधलं जुनं घर: पाडून नवीन बांधू की आहे तेच वाढवू?

प्राजक्ता_बेलापूर:
नमस्कार मंडळी, सीबीडी बेलापूर सेक्टर ८ ला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आमचं छोटं घर आहे. भावाचं लग्न ठरलंय त्यामुळे दोन खोल्या तरी वाढवाव्याच लागणार. एका कॉन्ट्रॅक्टरला घर दाखवलं तर तो म्हणाला ताई हे सगळं पाडा, प्लॉटच्या कडेपर्यंत ग्राउंड प्लस टू आरसीसी उभं करून देतो, आतल्या अंगणावर पण स्लॅब टाकू, जागा कशाला फुकट घालवायची. बाबांना पटलंय, मला नाही पटत पण त्यांना नीट समजावता येत नाहीये. दुसरं म्हणजे वरच्या खोलीची पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री अकराला पण हाताला गरम लागते, सगळे म्हणतात एसी लावा आणि मोकळे व्हा. मला घरच असं हवंय की एसी कमीत कमी लागेल. कुणी अशी कामं केली असतील तर प्लीज सांगा.

नेरूळचा_आर्किटेक्ट:
ताई, बाकी काहीही करा पण अंगणावर स्लॅब टाकू नका. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान ही वसाहत केली ती वाढवता यावी म्हणूनच केली, तुमच्या घरच्यांना आज जे हवंय ते त्यांनी तेव्हाच धरून ठेवलं होतं. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, आणि शेजारच्याची आणि तुमची भिंत कॉमन नाही. कारण एवढंच की ज्याला खोली काढायचीय त्याने शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता काढावी. सात घरं एका सामायिक अंगणाभोवती, ते अंगण सुमारे ८ बाय ८ मीटर, मग असे तीन गट मिळून २१ घरांचं मोठं अंगण, आणि हेच पुढे वाढत जातं. उंच टॉवर न बांधता सुद्धा हेक्टरला ५०० माणसं बसतात.

कोरिया १९७० ते ७५ सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचे, चीफ आर्किटेक्ट होते. मोकळ्या आकाशाखालची जागा ही आपल्या हवेत एक खोलीच आहे हे ते कायम मांडत आले, आणि ते खरं आहे. दुपारचं ऊन आणि पावसाळ्यातल्या सरी सोडल्या तर सकाळ, संध्याकाळ आणि उन्हाळ्यातली रात्र अंगणातच बरी जाते. बाबांना असं सांगा, स्लॅब टाकून एक खोली मिळेल पण तिच्या बदल्यात तळमजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचा उजेड आणि वारा जाईल.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घर विटांच्या भिंतींवर उभं असेल तर वर किती वजन चालेल ते तोच सांगेल. जमीन सिडकोच्या लीजवर असते आणि बांधकाम परवानगी महापालिकेची, कागद लायसन्स असलेल्या आर्किटेक्टकडूनच करून घ्या.

सेक्टर८_जुना_रहिवासी:
ह्यात माझी पण भर. आमच्या गटात एका घराने कडेपर्यंत तीन मजले चढवले, आता त्यांच्या मागच्या घरातल्या काकूंना भर दुपारी ओट्याशी ट्यूबलाइट लावून भाजी निवडावी लागते. आधी त्याच खिडकीतून ओट्यावर ऊन यायचं. आणि त्या तीन मजलीवाल्यांच्या स्वतःच्या मधल्या खोलीत पण उजेड नाही, दिवसभर एक्झॉस्ट फॅन चालू. कोपऱ्यावर एका कुटुंबाने मात्र मागच्या बाजूला एकच मजला वाढवला, पुढचं अंगण तसंच ठेवलं, जिना वर काढून डोक्यावर जाळीची खिडकी दिली. मी आत जाऊन पाहिलंय, जिन्याच्या पायरीवर उभं राहिलं की वारा वर जाताना कळतो. गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळते, बास. प्राजक्ता, तू बाबांना घेऊन ये, दोन्ही घरं दाखवतो.

घोडबंदर_सिव्हिल:
भिंतीचं मी सांगतो, ठाण्यात हीच कामं करतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोन ते सहा ऊन पडतं, नऊ इंची विटेची भिंत ती उष्णता पिते आणि काही तासांनी आत सोडते, म्हणून तुम्हाला रात्री अकराला गरम लागते. उपाय भिंतीच्या बाहेर करायचा असतो, ऊन भिंतीला लागूच द्यायचं नाही. मुंबईत कंबाला हिलवरच्या कांचनजंगा बिल्डिंगमध्ये कोरियांनी तेच केलंय, १९८३ ची इमारत, समुद्राचा वारा पश्चिमेचा पण ऊन आणि पाऊस पण पश्चिमेचाच, म्हणून कोपऱ्यांना दोन मजली उंचीच्या बागा दिल्या, जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यासारख्या. तुम्ही त्या भिंतीला चार फुटाची गॅलरी किंवा बांबूची झडप द्या, जागा नसेल तर वेल चढवा.

नवीन भिंती एएसी ब्लॉकच्या (आत हवेची बारीक छिद्रं असलेले सिमेंटचे ब्लॉक) करा, विटेपेक्षा हलक्या त्यामुळे जुन्या घरावर वजन कमी येतं आणि उष्णता पण कमी आत येते. फक्त कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारूनच प्लास्टर, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तडे. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आणि वरून पांढरं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. वरच्या मजल्याला सगळ्यात जास्त ताप स्लॅबवरूनच येतो, पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो.

प्राजक्ता_बेलापूर:
खूप खूप आभार, दादा रविवारी बाबांना घेऊन नक्की येते. एक विचारायचं होतं, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या रॅट ट्रॅप भिंतीबद्दल वाचलंय, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. आपल्याकडे चालेल का? आणि गच्चीवरचं पाणी साठवायचं आहे.

घोडबंदर_सिव्हिल:
पद्धत उत्तम, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता अडते. पण कोकणपट्टीतला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, बाहेरून प्लास्टर नाही आणि छज्जा लहान असेल तर ओल आत येणारच. त्यात ही रचना येणारा गवंडी इकडे शोधून सापडत नाही, म्हणून मी तरी एएसीच सुचवेन.

नेरूळचा_आर्किटेक्ट:
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. बेकरांनी बरंचसं काम केलं ते केरळात, तिथला पाऊस काही कमी नाही. दोन-अडीच फुटाचा छज्जा दिला तर भिंत भिजत नाही, आणि गवंड्याला दोन दिवस समोर बसून दाखवलं की जमतं. पण वजनाचा मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे वरच्या मजल्याला एएसी आणि तळाशी कुठे नवी भिंत उठत असेल तर रॅट ट्रॅप असं करा. खिडक्या मात्र समोरासमोर हव्यात. आपली हवा दमट, घाम सुकायला वाराच लागतो, नुसती जाड भिंत बांधून राजस्थानसारखा गारवा इथे येत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४० चौरस मीटर गच्ची आणि अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एक लाख लिटर, वाया जाणारं वगळून ८० हजार धरा. हे सगळं चार महिन्यांत येतं त्यामुळे एवढी टाकी कुणी बांधू शकत नाही. दोन-तीन हजार लिटरची टाकी संडास आणि झाडांसाठी ठेवा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायला वेगळा पाइप काढा, उरलेलं अंगणातल्या शोषखड्ड्यात जिरवा. त्या शोषखड्ड्यासाठी पण अंगण उघडंच लागेल. प्लॅनचा कच्चा स्केच इथे टाका, खिडक्यांच्या जागा मी खुणा करून देतो.