लग्नाआधीचा करार करायचा आहे, गोव्यातला वकील कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

मी सावंतवाडीची, होणारा नवरा म्हापशाचा. लग्नाची नोंदणी गोव्यातच करायची ठरली आहे. नोंदणी कार्यालयातली पहिली सही दिवाळीनंतर आहे आणि त्याआधी करार व्हायला हवा.

बाबा गेल्यावर घर आणि काजूची बाग यांच्या सातबाऱ्यावर आई, काका आणि मी अशी तिघांची नावं लागली. आई त्याच घरात राहते. गोव्यात लग्नाच्या बाबतीत अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. काही ठरवलं नाही, तर लग्नानंतर नवरा-बायकोचं सगळं सामाईक होतं, वारशाने आलेलंसुद्धा. काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे उद्या बागेचा व्यवहार करायचा तर जावयाचीही सही?" वेगळं ठेवायचं तर लग्नाआधीच पब्लिक डीड (सरकारी कार्यालयात होणारा दस्त) करावं लागतं आणि लग्न झालं की ते बदलता येत नाही. म्हणून ही घाई.

नवऱ्याची काही हरकत नाही. सासूबाईंना मात्र वाईट वाटलंय, लग्नाआधीच वाटणीची भाषा कशाला म्हणून. त्यांना दुखवायचं नाही. पण आईच्या डोक्यावरच्या छपराबद्दल मी गप्प बसू शकत नाही.

इकडच्या वकिलांनी थेट सांगितलं, असले करार कोर्टात टिकत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २३ (सार्वजनिक हिताविरुद्धचे करार रद्द ठरवणारं) आडवं येतं. महाराष्ट्रापुरतं ते बरोबर असेल, पण गोव्याचं काय, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिकडच्या एका वकिलांनी आम्हा दोघांसाठी मिळून एकच मसुदा केला. त्यात आमच्या घराचा उल्लेख नुसता "वधूचे माहेरचे घर" असा. सर्व्हे नंबर नाही, हिस्सा नंबर नाही, घर नंबर नाही. वर "पत्नी कधीही पोटगी मागणार नाही" असं एक वाक्य, जे आम्ही दोघांनीही सांगितलेलं नव्हतं. वाचून पोटात गोळाच आला.

आता विचारायचं ते असं. दोघांनी वेगवेगळे वकील घ्यावेत का? जमीन महाराष्ट्रात, लग्न गोव्यात, मुलगी गोव्याबाहेरची, अशी प्रकरणं हाताळलेला वकील कसा ओळखायचा? फी एकरकमी ठरवावी की मसुदा आणि नोंदणीची वेगवेगळी? आईला इंग्रजी येत नाही, तिला वाचायला मराठी प्रत मागितली तर वकील देतात का?

प्रतिसाद

ताई, वकील वेगळेच घ्या. तुमच्या वकिलाने फक्त तुमचं हित बघायला हवं. भेटीला जाताना सातबारा, घरपट्टीची पावती आणि वारसनोंदीचा फेरफार सोबत न्या. जो वकील ही कागदपत्रं न बघताच "होऊन जाईल" म्हणेल, त्याच्याकडे परत जाऊ नका.

पहिल्याच भेटीत विचारा, सब-रजिस्ट्रारकडे असे डीड आधी केलेत का, आणि संपूर्ण सेपरेशन (दोघांचं सगळं वेगवेगळं) करायचं की फक्त लग्नानंतरची कमाई सामाईक ठेवायची. दोन्ही पर्याय संहितेत आहेत. दुसरा पर्याय सासूबाईंना समजावायलाही सोपा जाईल, कारण दोघांनी मिळून उभं केलेलं त्यात दोघांचंच राहतं. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा कुटिन्हो खटल्यातला निकालही काढा. तो वारशाबद्दल आहे, पण गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा लागतो असं त्यात म्हटलंय. तुमच्या घराबाबत त्याचा काय अर्थ होतो, ते वकिलाकडून लेखी घ्या.

पोटगीचं ते वाक्य काढायला लावा.

धागाकर्ती

खूप आभार. दुसरा पर्याय कोणी सांगितलाच नव्हता, आज रात्री नवऱ्याशी बोलते. म्हापसा किंवा पणजीकडे असे डीड केलेला वकील कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा.