सीटीसीच्या आकड्याआधी घर पाहा

दारव्ह्याच्या भावानं विचारलंय, नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातली मोठी कंपनी घेऊ की पुण्यातला जास्त पगाराचा स्टार्टअप. बहुतेकांचं म्हणणं, धोका तरुणपणीच पत्करावा. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो, त्याला ते ठीक. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या घरात धोका आधीपासूनच आहे. वर्षाचा पैसा दिवाळीच्या मागंपुढं एकदाच हाती येतो, त्यातूनच पीककर्ज फेडायचं. अशा घरात पोराचा पगार दोन महिने थांबला की बापाला सावकाराकडं जावं लागतं.

म्हणून भाऊ, ऑफर लेटर नीट उघडून वाचा. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चात, ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क) किती धरलेत? ते मिळाल्यापासून किमान 1 वर्ष तरी हक्काचे होत नाहीत, आणि बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या शेअरला सहसा गिऱ्हाईक नसतं. त्यावर बहिणीचं लग्न ठरवू नका. पीएफ कापतात का, तेही विचारा. 20 पेक्षा कमी माणसं असतील तर सहसा तसं बंधन नसतं. आणि तिथं काम करणाऱ्या एखाद्याला फोन करा: पगार किती तारखेला जमा होतो? उत्तर देताना तो चाचरला, तर तिथं जाऊ नका.

स्टार्टअपमध्ये काम भरपूर शिकायला मिळतं, हे खरंच आहे. तरी माझं मत आज मिहानचं. घरचं कर्ज उतरू द्या, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू द्या, मग खुशाल पुण्याला जा. मिहानच्या ऑफरमध्ये बाँड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट, असेल तर त्याची रक्कम आणि मुदत सहीआधी वाचा.