मदत हवी आहे: जळलेल्या हाडातून बालपणाचा प्रदेश कळतो का?

प्राचीन दफनांवर टिपण लिहितेय, एका ठिकाणी अडलेय. दाताच्या इनॅमलमधलं (वरच्या कडक थरातलं) स्ट्रॉन्शियम ८७/८६ गुणोत्तर, म्हणजे जमिनीतून अन्नपाण्यावाटे शरीरात येणाऱ्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण, बालपणीच्या भूभागाचा माग देतं, कारण इनॅमल एकदा घडलं की बदलत नाही. साधं हाड आयुष्यभर झिजतं-भरतं, वर मातीतलं स्ट्रॉन्शियमही शोषतं. इथवर कळलं. पण माझी उदाहरणं दहनाची आहेत आणि आगीत इनॅमल तडकून जातं. पांढरं पडेपर्यंत जळलेलं हाड मातीच्या भेसळीला सहसा दाद देत नाही, हे स्टोनहेंजच्या (इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाच्या) अभ्यासात वाचलं. त्याऐवजी ऑक्सिजनची समस्थानिकं तपासा असं कृपया सुचवू नका, त्यांचं प्रमाण जळताना बदलतं. आंतरकर्णाभोवतीचं हाड मात्र अगदी लहानपणी घडतं, नंतर फारसं बदलत नाही. मग दहनानंतर त्याचं गुणोत्तर इनॅमलच्या जागी धरता येईल, की त्याच व्यक्तीच्या आयुष्यभर झिजत-भरत राहणाऱ्या बरगडीशी ताडून पाहिल्याशिवाय काही म्हणू नये?