अनुभव धागा: एकच शब्द, वेगवेगळे अर्थ. तुम्हाला कुठे आणि कसे उमगले?

सोलापूरची_लेक
काल मुलाच्या मराठीच्या पुस्तकात वाक्य आलं, "आता माझी पाळी." सातवीतला मुलगा. लाजला आणि पुढे वाचेचना. त्याला हा शब्द एकाच अर्थाने माहीत. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दुसरा ऐकणार तरी कुठे?

आमच्या सोलापूरच्या घरात हा शब्द दिवसभर कानावर पडायचा. आजोबा गिरणीत. "पहिल्या पाळीचा भोंगा झाला, डबा भरा." "काकाची रातपाळी झालीय, दंगा करू नका." सोनार यायचा तो कानाची पाळी टोचायला. गावाकडचा गडी आला की आजी विचारायची, "कुळवाची दुसरी पाळी घातली का रे?" (कुळव म्हणजे पेरणीआधी रानात फिरवायचं औत.) आणि आई-काकू आवाज खाली आणून म्हणायच्या ती आणखी वेगळी. यातलं काहीही कुणी समजावून सांगितलं नाही. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, त्यावरून कळत गेलं.

मुलाला सगळे अर्थ सांगितले. त्याने लिहूनही घेतले. पण शब्द असा यादीतून कळावा हे मला पटत नाही. तुमच्याकडे काय काय घडलं ते लिहा. सोलापूरकरांनी तर लिहाच, आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत.

धोटा
माग!! आमच्या घरी तेलुगू. वडील पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात, त्यामुळे माग म्हणजे विणायचा माग, बास. धाकट्या भावाच्या धड्यात होतं, "पोलीस चोराच्या मागावर होते." त्याने वहीत चित्र काढलं: टोपीवाला पोलीस मागावर बसलाय, हातात धोटा, शेजारी अर्धी विणलेली चादर. बाई रागावल्या नाहीत. पुढचं वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं, त्यात ओल्या मातीतले पावलांचे ठसे होते. तिथे त्याची ट्यूब पेटली. चित्र आईने अजून ठेवलंय.

कडकभाकरी
ते चित्र टाक की बे इथं 😄

सिस्टर_प्रसूती_वॉर्ड
पाळीचं आमच्याकडे रोजचंच. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरून काढतात, म्हणून केसपेपरवर ते आधी लिहायचं. मी विचारते, "पाळी कधीची?" कारखान्यात कांड्या भरणारी बाई सांगते, "दुपारची, सिस्टर." बिचारी बरोबरच सांगते, दिवसभर तिला मुकादम तेच विचारतो. आता मी "महिना कधी आला होता शेवटी?" असंच विचारते. नव्या मुलींनाही तेच शिकवलंय. ड्युटी आहे, नंतर येते.

नाशिकची_सून
लग्नानंतरची पहिली संक्रांत. सासूबाई म्हणाल्या, "गड्ड्याला जायचंय, आवर लवकर." माझ्या माहेरी गड्डा कोबीचा, नाहीतर लसणाचा. पण सासूबाई जरीची साडी नेसून, गजरा माळून तयार! म्हटलं, हे भाजीचं काम नाही. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा हे होम मैदानावरचे पाळणे दिसले तेव्हा कळलं. तोवर दीर ओरडत आले, "काठ्या आल्या, काठ्या आल्या!" काठ्या म्हणजे नंदीध्वज, जत्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, सात असतात. "अक्षता कधी?" असं जानेवारीत कुणी विचारलं तर लग्न कुणाचं ते विचारायचं नाही, तो याच जत्रेतला, संमती कट्ट्यावरचा सोहळा. आता नाशिकहून बहीण आली की मीच तिला घेऊन जाते.

कडकभाकरी
वहिनी, बाराबंदी घालून काठी पेलणाऱ्याचे हात बघितलाव का कधी? माझा भाचा या वर्षी सरावाला जायलाय. घरात दुसरा विषय नाही.

निवृत्त_मास्तर
जुन्या संस्कृत पंडितांचं आवडतं उदाहरण आहे: "सैंधव आण." सैंधव म्हणजे सिंधकडचं. मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. अमरकोशात अशा शब्दांसाठी 'नानार्थवर्ग' हा स्वतंत्र भाग आहे. पाळीचंही तसंच, संस्कृत 'पालि' म्हणजे कानाची पाळी, कड आणि ओळसुद्धा. मी वर्गात अर्थ आधी कधीच सांगत नसे. एका शब्दाची चार वाक्यं फळ्यावर लिहायची आणि पोरांना बोलू द्यायचं. ताई, मुलाला वाक्यं द्या, यादी नको.

बँकेतली
उतारा!! आमच्या शाखेत पाटण्याहून साहेब आले. पीककर्जामुळे पहिल्याच आठवड्यात 'उतारा' म्हणजे सातबारा हे पक्कं झालं. मग गाळप हंगामात एक शेतकरी काउंटरवर हळहळला, "साहेब, यंदा उतारा पडला हो." साहेब घाबरून, "किसका नाम कट गया?" तो साखर उतारा. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली, तो. दहा-अकरा म्हणजे चांगला, उसाचा दरही त्याच्यावर ठरतो. साहेबांनी नीट समजून घेतलं. पुढे चौकात लिंबू-भाताचा उतारा दिसल्यावर स्वतःच म्हणाले, "यह तीसरावाला है ना?" बदली झाली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं.

जुळे_सोलापूर
पाणी आलंय, भरून येते

नाशिकची_सून
आज? आमच्याकडे परवा येऊन गेलं.

जुळे_सोलापूर
झालं भरून. माझा पण पाण्याचाच. "उजनीतून पाणी सोडलं" वाचलं की आमच्या घरात आनंद. लेकीने पेपरात वाचलं, "त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं," तर विचारते, "मग ते भिजलं का?" बातमीत खाली "राजीनामा" होता, तो तिला दाखवला. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे सोडूनच दिलं." मला तिचा इतका अभिमान वाटला.

सोलापूरची_लेक
किती गोड! मास्तर, आज चार वाक्यं दिली. कुळवाचं सोडून सगळी ओळखली. त्याने कुळवच बघितला नाही.

मंगळवेढेकर
मग आणा की त्याला रानात. ज्वारी पेरायच्या आधी कुळवाच्या दोन-तीन पाळ्या घालतो आम्ही, तण मरतं आणि काळ्या रानात ओल धरून राहते. आता पेरणी झालीय, पण कुळव शेडमध्ये आहे, हात लावून बघू दे. हुरड्याला या, डिसेंबर-जानेवारीत.

कडकभाकरी
हुरडा म्हटल्यावर मी पण येणार. शेंगाचटणी माझ्याकडून.

मंगळवेढेकर
या की सगळे. दही घरचं आहे. किती जण ते आधी कळवा फक्त.