अनोळखी गेमला वीसच मिनिटं द्यायची असतील तर मत देऊ नका

पिक्सेलपंत

काल रात्रपाळी यांनी लिहिलं की अनोळखी इंडी गेमला, म्हणजे छोट्या स्वतंत्र लोकांनी केलेल्या गेमला, वीस मिनिटं भरपूर झाली. तेवढ्यात पकड घेतली तर ठीक, नाहीतर अनइन्स्टॉल, आणि जाता जाता स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अंगठा खाली, म्हणजे नापसंतीचा रिव्ह्यू. वर शितावरून भाताची परीक्षा होते, हा दाखला. त्याला धडाधड +१ पडलेले बघून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

२०१९ चा आउटर वाइल्ड्स घ्या. सुरुवातीला तुम्ही शेकोटीपाशी जागे होता, गावात फिरता, लोकांशी बोलता, यानाचे लाँच कोड मिळवता. वीस मिनिटं तिथेच जातात. गेमचं मर्म आहे २२ मिनिटांच्या फेऱ्यात, म्हणजे तेवढ्या वेळाने काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो त्यात, आणि त्याचा पत्ता तुम्हाला अजून लागलेलाही नसतो. लूकस पोपचा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन बघा. जहाजावरच्या ६० माणसांची नावं आणि त्यांचं काय झालं ते शोधायचं. गेम एकेक उत्तर तपासून देत नाही, तीन बरोबर जमली की एकदम पक्की करतो. वीस मिनिटांत पहिलं त्रिकूटसुद्धा बहुतेकांचं जमत नाही.

हे गेम तरले, कारण त्यांच्याबद्दल लिहिणारे हजारो होते. मला काळजी आहे ती अकरा रिव्ह्यू असलेल्या गेमची. दहा रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम एकूण मताचं लेबलच लावत नाही. अकरापैकी आठ चांगले असतील तर ७२ टक्के, म्हणजे ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, निळ्या अक्षरांत. बारावा रिव्ह्यू तुमचा, अंगठा खाली. झाले ६६ टक्के. सत्तरची रेघ गेली आणि तिथे ‘मिक्स्ड’ आलं. यादी बघणारा माणूस तेवढा एक शब्द वाचतो आणि पुढे जातो. ज्याने दोन-तीन वर्षं घालून गेम केला त्याच्या विक्रीचं काय होत असेल?

अनोळखी गेमवर मत द्यायचं तर संपवून द्या. निदान अर्धा तरी खेळा.

रात्रपाळी

पंत, माझ्या नावाने धागा काढलात, तर माझं म्हणणं पूर्ण तरी द्यायचं. वीस मिनिटं मी देतो, असं लिहिलं होतं. जगाने तेवढीच द्यावीत असं नाही.

सकाळी घरी आलो की मुलीला शाळेत सोडायचं, मग झोपेआधी तासभर माझा. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे रोजचे पन्नासच्या आसपास. त्यातला प्रत्येक गेम अर्धा खेळायचा? आणि स्टीमवर परतावा मिळतो तो दोन तासांच्या आत, खरेदीपासून १४ दिवसांत. तुमचं ऐकून अर्धा गेम खेळलो आणि तो वाईट निघाला, तर पैसे गेले. तुम्ही देणार का?

मी कुणाला फसवतही नाही. रिव्ह्यू लिहिताना किती वेळ खेळलो होतो ते स्टीम तिथेच छापतं. ‘०.४ तास’ वाचून ज्याला सोडून द्यायचंय त्याने द्यावं.

आणि अनोळखी गेम वर येतात ते तुमच्यासारख्या संपवून लिहिणाऱ्यांमुळे, हा गैरसमज आहे. अमंग अस २०१८ मध्ये आला, दोन वर्षं कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये स्ट्रीमर लोक, म्हणजे खेळताना थेट प्रक्षेपण करणारे, आरडाओरडा करत खेळले आणि जगभर गेला. त्यातल्या कुणी अभ्यास करून मत दिलं होतं?

त्रिमिती

०.४ तास लोक वाचत नाहीत हो. अंगठा बघतात.

मी पुण्यात एका मोबाइल गेम स्टुडिओत कॅरेक्टर आर्टिस्ट आहे. नोकरी सांभाळून मी आणि एका मैत्रिणीने एक छोटा पझल गेम केला. त्याच्या पानावर सगळ्यात वर कितीतरी महिने एकच रिव्ह्यू होता: ‘दोरी ओढता येत नाही. गेम बिघडलेला आहे.’ दोरी ओढायला शिकवणारी जागा दुसऱ्या खोलीत आहे. तो माणूस पहिल्या खोलीतूनच परत गेला होता. त्याखाली आम्ही सभ्य भाषेत उत्तर लिहिलं, ते कोण वाचतो.

काहीजण सांगतात, ओळखीच्यांना गेमच्या फुकट ‘की’ (गेम उघडणारे कोड) वाटा आणि रिव्ह्यू वाढवा. २०१६ पासून अशा ‘की’वर मिळालेल्या गेमचे रिव्ह्यू गुणांत धरतच नाहीत. विकत घेणाऱ्याचाच धरतात. म्हणून त्या एका माणसाचं वजन आमच्यावर एवढं पडतं.

रात्रपाळी

वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, दोरी पहिल्याच खोलीत दिसत असेल आणि ओढायला दुसरीत शिकवत असाल, तर त्याला बिघाड वाटणारच. मलाही वाटला असता.

त्रिमिती

पहिल्या खोलीत ती ओढायची नाहीच, नुसती बघायची आहे! कोडं तेच आहे. वीस मिनिटांत सगळं हातात देणारे गेमच तुम्हाला हवे असतील तर तसे मोबाइलवर ढिगाने आहेत, आणि ते करण्यातच माझा दिवस जातो.

माळरान

करणाऱ्याचे कष्ट बघून मत द्या, हा हळवेपणा इथे नेहमीचाच. राजी या गेमच्या वेळीही हेच झालं. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा गेम आला आणि जो तो ‘आपला गेम, आपला गेम’ करत सुटला. मी तो पंतांच्या नियमाने पूर्ण संपवला. लढाया त्याच त्या. गोष्ट रंगात येते तिथेच गेम संपतो, पुढच्या भागाची वाट बघा म्हणून. दुर्गा आणि विष्णू आपल्याशी इंग्रजीत बोलतात. हे लिहिलं तर मला इथेच ‘मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो’ ऐकवलं गेलं. पुण्यात केला म्हणून गुण वाढवायचे का?

त्रिमिती

वाढवू नका, पण जे आहे तेवढे तरी द्या. २०१७ मध्ये त्यांचं किकस्टार्टर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे उभे करणं, फसलं. त्यानंतर तीन वर्षांनी गेम बाहेर आला, तोही आधी निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावर. भारतातून त्या दर्जाचं किती काम तेव्हा येत होतं? राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, पहाडी शैलीतले रंग, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. चकत्या फिरवून मंडल जुळवायची कोडी आहेत ना, त्यातली एक चकती थांबवून तिच्यावरचं चित्र बघा जरा. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना हेच दाखवते. आणि इंग्रजीबद्दल म्हणाल, तर २०२२ च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाज आले आहेत. तुमचं मत जुन्या आवृत्तीवरच अडकलं आहे.

मांडवीकाठ

मूळ प्रश्न अनोळखी गेमचा ना? मग राजी कशाला? तो सगळ्यांना माहीत आहे. फरगॉटन फील्ड्स किती जणांनी खेळला, हात वर करा. २०२१ चा. गोव्यातल्या एकट्या माणसाचा स्टुडिओ, फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह. लिहिणं अडलेला एक लेखक, बालपणीचं घर विकायला निघालं आहे, तिथे घालवायची शेवटची संध्याकाळ, समुद्रकाठ, स्कूटर, जुने मित्र. पात्राचं चालणं अवघडलेलं आहे आणि पहिल्या वीस मिनिटांत काहीही घडत नाही. रात्रपाळींनी नक्की काढून टाकला असता.

आमचं बार्देशातलं घर विकलं तेव्हा सगळी भावंडं अशीच जमली होती. जेवण झालं, गप्पा झाल्या, विक्रीचा विषय कुणीच काढला नाही. तो अवघडलेपणा मी आणखी कुठल्या गेममध्ये बघितलेला नाही. तो कळायला गेममधली दुपार टळावी लागते.

ओंटारियोतली

पंत, ‘संपवून लिहा’ म्हणताना छोटे गेम विसरू नका. वेनबा, २०२३, टोरांटोच्या लोकांनी केलेला. कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही. दीड-दोन तासांत संपतो. म्हणजे पूर्ण खेळूनसुद्धा परतावा घेता येतो, आणि घेणारे घेतात. याला काय म्हणायचं?

माझा मुलगा मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल, ते पहिलं कोडं त्याने मला विचारून सोडवलं, आणि विचारलं मराठीत. वेनबा आता अनोळखी नाही, २०२४ मध्ये आयजीएफ या इंडी गेमच्या महोत्सवाचं मोठं बक्षीस मिळालं त्याला. पण आम्ही घेतला तो एका बाईने लिहिलेल्या चार ओळी वाचून. तिने तेव्हा जेमतेम पहिलं प्रकरण खेळलं होतं. म्हणून अर्धवट खेळून लिहूच नये, हे मला मान्य नाही.

माळरान

त्रिमिती, चित्रं चांगली आहेत हे मी कधी नाकारलं? चित्रांना पैकीच्या पैकी, घ्या. पण हिंदी आवाज आले म्हणून माझं तोंड बंद होत नाही. गेम पुण्यात केला, मग मराठी कुठे आहे? निदान खाली मजकूर तरी? आणि तुमच्या स्वतःच्या गेममध्ये आहे का मराठी?

त्रिमिती

राजीच्या लोकांचं त्यांना विचारा. माझ्या गेमचं सांगते.

मराठी घालायचीच, असं ठरवून बसलो होतो. आम्ही गेम करतो ते सॉफ्टवेअर युनिटी, त्याच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरी सरळ टाकली की जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसायच्या ऐवजी नंतर येऊन पडते. ‘किल्ला’ लिहिलं तर आधी क, मग वेलांटी, मग पाय मोडलेला ल, मग ला. प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लावले तर एक अक्षर सुधारायचं आणि दुसरं बिघडायचं. मग प्रत्येक वाक्याचं चित्र करून टाकलं. त्यात एक शब्द बदलला की पुन्हा नवं चित्र, नवं माप, फोनवर वेगळं, लॅपटॉपवर वेगळं. शेवटी मराठी काढून गेम बाहेर काढला. माझ्या आईला तो आजही वाचता येत नाही. म्हणून ‘मराठी कुठे आहे’ असं कुणी नुसतं विचारलं की डोकं फिरतं.

पिक्सेलपंत

धागा कुठल्या कुठे गेला, पण हे वाचायला मिळालं ते बरं झालं.

परताव्याचा मुद्दा रात्रपाळींचा बरोबर आहे, तेवढा देतो. दोन तासांच्या आत आवडला नाही तर पैसे खुशाल परत घ्या. मग अंगठा मात्र देऊ नका. परतावा हा तुमचा आणि दुकानाचा व्यवहार आहे, अंगठा पुढच्या गिऱ्हाइकाला अडवतो. आणि ओंटारियोतली ताई, त्या बाईंनी चांगलं लिहिलं होतं. अर्धवट खेळून कौतुक केलं तर फार तर कुणीतरी गेम उघडून बघतो. अर्धवट खेळून झोडपलं तर कुणी उघडतच नाही.

रात्रपाळी

म्हणजे कौतुक कधीही चालेल, टीकेला मात्र परीक्षा. हे मला पटणार नाही. फसवे, घाईघाईत ढकललेले गेमही याच गर्दीत असतात आणि त्यांना वीस मिनिटंसुद्धा जास्त होतात.

तरी एक करतो. पन्नासपेक्षा कमी रिव्ह्यू असतील तर स्टीमवर अंगठा देणार नाही, जे वाटलं ते इथे लिहीन, किती मिनिटं खेळलो त्यासकट. वीस मिनिटांचा नियम माझ्या घरचा आहे, तो राहील. फरगॉटन फील्ड्स विशलिस्टमध्ये टाकला आहे. मांडवीकाठ, तो कीबोर्डवर खेळावा की कंट्रोलर काढू?

मांडवीकाठ

कंट्रोलर काढा. आणि मुलीच्या सुट्टीत घ्या, एका बैठकीत जास्त वेळ मिळेल.

माळरान

त्रिमिती, वेलांटीचं ऐकलं. हा दोष युनिटीचा, तुमचा नाही, आणि यावर त्यांच्याकडे सगळ्यांनी मिळून तक्रार करायला हवी. गेमची लिंक द्या, विकत घेतो. पूर्ण खेळेन, आवडला नाही तर तसंही लिहीन. राजीबद्दल मात्र बोललो ते बोललो. विष्णू माझ्याशी इंग्रजीत बोलला, ते मला आवडलं नाही.